भोसरीच्या शेठना ओपन सोर्स पटवायचं असेल तर

पुण्याकडची भोसरी असो, चाकण असो की मार्केट यार्डातला गाळा, मालकासमोर ओपन सोर्सचा, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरचा, विषय काढला की पहिला प्रश्न हमखास हाच येतो: "बंद पडलं तर फोन कुणाला करायचा?" ओपन सोर्सची बाजू मांडणारे बहुतेक जण तोवर लायसन्सचे किती पैसे वाचतील हे सांगून मोकळे झालेले असतात, आणि बोलणं तिथेच फिस्कटतं. कच्चा माल, पगार आणि वीजबिल यांच्यापुढे सॉफ्टवेअरचा खर्च किरकोळ असतो. मालकाला धास्ती असते ती काम अडण्याची. महिनाअखेरीस एक दिवस डिस्पॅच थांबला तर वर्षभराची बचत त्या दिवशी धुऊन निघते, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

म्हणून या प्रश्नाचं उत्तर नावानिशी आणि दरानिशी तयार असल्याशिवाय मीटिंगला जाऊच नये. आणि सुरुवात अशा कामापासून करावी, ज्यात ऑफिसातल्या कुणालाही काही नवीन शिकावं लागणार नाही. एवढं साधलं तर पुढचं पटवणं फारसं अवघड नाही.

पहिल्या भेटीत आधी काय हलवायचं नाही ते सांगा. हिशेबाचं टॅली राहू द्या. ते विंडोजवर चालतं, अकाउंटंटचा हात त्यावर बसलेला असतो आणि सीएला डेटा त्यातच हवा असतो. डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन ज्या पीसीला लावतात तो पीसीही विंडोजच राहू द्या. विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स या ओपन सोर्स प्रणालीसाठी टोकनचा ड्रायव्हर मिळतो, पण सरकारी पोर्टलवर सही करायला जी युटिलिटी लागते ती तिथे रुसते, आणि रिटर्नच्या शेवटच्या तारखेला हे कळून उपयोग नसतो. टूलरूममधल्या कॅड-कॅमलाही, म्हणजे डिझाइन-मशीनिंगच्या सॉफ्टवेअरलाही, हात लावू नका. फ्रीकॅड या ओपन सोर्स कॅडची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, जिग-फिक्श्चरच्या कामाला ती चांगली आहे. पण ग्राहक ज्या सॉफ्टवेअरच्या मूळ फाइल्स पाठवतो आणि त्याच स्वरूपात परत मागतो, तिथे तिचा आग्रह धरणं म्हणजे मालकाची ऑर्डर धोक्यात घालणं. बायोमेट्रिक हजेरीचं सॉफ्टवेअरही सहसा विंडोजपुरतंच असतं. एवढं सगळं आपणहून बाजूला ठेवलं की समोरचा माणूस खुर्चीत जरा पुढे सरकून ऐकायला लागतो.

मग सुरुवात कुठून? फाइल सर्व्हरपासून, म्हणजे सगळ्यांच्या फाइल्स जिथे एकत्र राहतात त्या मशीनपासून.

बऱ्याच लहान कंपन्यांत सर्व्हर म्हणजे अकाउंटंटच्या टेबलाखालचा विंडोज पीसी आणि त्यातला शेअर केलेला डी ड्राइव्ह. डेस्कटॉप विंडोजवर एका वेळी जास्तीत जास्त २० जोडण्या चालतात, माणसं वाढली की कुणाला तरी फोल्डर उघडत नाही. विंडोज सर्व्हर घ्यायचा तर सर्व्हरच्या किमतीवर प्रत्येक वापरणाऱ्यामागे किंवा प्रत्येक यंत्रामागे वेगळं लायसन्स लागतं. त्याहून मोठा धोका रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा. एका पीसीवर नको ती अटॅचमेंट उघडली की मॅप केलेल्या ड्राइव्हमधून तो सगळ्या शेअरवर फिरतो, आणि बॅकअप म्हणून कायम लावून ठेवलेली यूएसबी डिस्कही त्यात जाते.

त्याजागी एक साधा पीसी घ्या. १६ जीबी रॅम, डेबियन या लिनक्ससाठी एक छोटी एसएसडी, डेटासाठी ४ टीबीच्या दोन डिस्क झेडएफएस या फाइल सिस्टीमच्या मिररमध्ये (दोन्हींवर तोच डेटा), वर विंडोज पीसींना फोल्डर शेअर करून देणारं सांबा. डिस्क घेताना ती सीएमआर (डेटाचे पट्टे वेगवेगळे लिहिणारी) आहे याची खात्री करा. स्वस्त डेस्कटॉप डिस्क पुष्कळदा एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) असतात, आणि मिररमधली एक डिस्क बदलायची वेळ आली की नवी डिस्क भरायला अतोनात वेळ लागतो. नेमक्या त्याच काळात डेटा एकाच डिस्कच्या भरवशावर असतो. डेबियनवर झेडएफएसचं मॉड्यूल प्रत्येक नव्या कर्नलबरोबर (लिनक्सचा गाभा) पुन्हा बांधलं जातं, म्हणून कर्नल हेडर्सचं मेटा-पॅकेज आधीच बसवून ठेवा. ते नसेल तर एखाद्या अपडेटनंतर मशीन सुरू होतं पण झेडएफएसमधला डेटाचा साठा (पूल) दिसत नाही. डेटा जागेवरच असतो, पण सकाळी नऊ वाजता हे मालकाला समजावत बसणं नको. हे सगळं हाताने करायचं नसेल तर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट ही तयार फाइल-सर्व्हर प्रणाली बसवा, हरकत नाही.

खरी किंमत आहे स्नॅपशॉटची, म्हणजे ठरावीक वेळेला फाइल्स जशा होत्या तशा टिपून ठेवण्याची. सॅनॉइड नावाचं साधन लावून तासाचे २४, दिवसाचे ३० आणि महिन्याचे १२ स्नॅपशॉट ठेवा. स्नॅपशॉट फक्त वाचता येतात आणि शेअरमधून कुणालाही ते बदलता किंवा पुसता येत नाहीत, त्यामुळे क्लायंट पीसीवरचा रॅन्समवेअर आजच्या फाइल्स बिघडवू शकतो, तासाभरापूर्वीच्या नाही. सांबाचं शॅडो-कॉपी मॉड्यूल लावलं की हेच स्नॅपशॉट विंडोजमध्ये फाइलवर राइट-क्लिक करून 'प्रीव्हियस व्हर्जन्स'मध्ये दिसतात. इथे दोन ठिकाणी हमखास अडतं. स्नॅपशॉटच्या नावाचा साचा सांबाच्या सेटिंगमध्ये अक्षरशः तसाच लिहावा लागतो, नाहीतर यादी रिकामी येते. आणि नावातली वेळ स्थानिक आहे हे सांबाला सांगितलं नाही तर तो ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरतो. सकाळी १० चा स्नॅपशॉट मग दुपारी साडेतीनचा दिसतो, साडेपाच तास पुढे, आणि पाहणाऱ्याचा विश्वासच उडतो.

प्रात्यक्षिक द्यायचं ते याचंच. मालकाला त्याचीच एखादी खरी कोटेशनची एक्सेल फाइल आदल्या दिवशीच सर्व्हरवर ठेवायला सांगा. त्यातले दोन आकडे बदलून सेव्ह करायला सांगा. मग फाइल डिलीट करायला सांगा, आणि ती नेटवर्कवरून पुसलेली असल्याने रिसायकल बिनमध्येही नाही हे त्याला बघू द्या. आता त्याच्याच हाताने फोल्डरवर राइट-क्लिक, प्रीव्हियस व्हर्जन्स, तासाभरापूर्वीची वेळ निवडून फाइल परत. आकडे जुनेच, जागच्या जागी. याला दोन मिनिटं लागतात आणि एकही स्लाइड लागत नाही. ओपन सोर्स हा शब्द तोवर उच्चारला नसला तरी चालेल.

या सर्व्हरबरोबर यूपीएस हवाच. एमआयडीसीत गुरुवारची सुट्टी असते आणि महावितरणची देखभालीची कामंही बऱ्याचदा गुरुवारीच निघतात. ऑफिसात कुणी नाही, वीज गेलेली, अशा वेळी बॅटरी संपण्याआधी सर्व्हर आपोआप नीट बंद झाला पाहिजे. त्यासाठी नट हे मोफत सॉफ्टवेअर आहे, पण यूपीएसला यूएसबी पोर्ट असायला हवा. विकत घेताना तेवढं उलटून पाहा.

आणि जुनी यंत्रं. २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून सांबाने एसएमबी१ हा फाइल शेअरिंगचा जुना प्रोटोकॉल मुळातच बंद ठेवला आहे. जुना मल्टिफंक्शन झेरॉक्स 'स्कॅन टू फोल्डर' करताना तोच बोलतो. शॉप फ्लोअरवर विंडोज एक्सपी असलेला सीएनसी कंट्रोलरही तोच बोलतो. सर्व्हर बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी "स्कॅन जात नाही, प्रोग्रॅम उतरत नाही" असा ओरडा होतो तो यामुळे. घाईत संपूर्ण सर्व्हरवर एसएमबी१ चालू करू नका, त्यात जुनी भगदाडं आहेत. अशा यंत्रांसाठी वेगळ्या युजरचं, फक्त आतल्या नेटवर्कपुरतं एक एफटीपी (फाइल पाठवण्याची जुनी पद्धत) फोल्डर द्या. म्हणून कामाला लागण्याआधी संपूर्ण शेड फिरून नेटवर्कची वायर लागलेलं प्रत्येक यंत्र लिहून काढायचं.

टॅलीचा रात्रीचा बॅकअप याच सर्व्हरवर घ्या, आणि तिथून रेस्टिक या बॅकअप साधनाने एन्क्रिप्ट करून दुसरी प्रत बाहेर पाठवा. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणं कंपनी कायद्याच्या नियमांनुसार बंधनकारक आहे, म्हणजे क्लाउड घ्याल तो मुंबई किंवा भारतातल्याच दुसऱ्या केंद्रातला घ्या. सीएला हा मुद्दा सांगितलात तर तो आपल्या बाजूने बोलतो.

सीए बोलेल, पण निर्णय फिरवण्याची ताकद आणखी एका माणसाकडे असते आणि त्याच्याकडे सगळे दुर्लक्ष करतात. तो म्हणजे कंपनीचा एएमसीवाला, वार्षिक देखभालीचा करार असलेला माणूस. गेली कित्येक वर्षं पीसी, प्रिंटर, केबल, सगळं तोच बघतो. मालकाचा फोन तोच उचलतो. लायसन्स विकण्यात त्याला दोन पैसे सुटतात, आणि लिनक्स येत नसल्यामुळे आपलं गिऱ्हाईक जाईल अशी त्याला भीती असते. तुम्ही निघून गेल्यावर मालक त्यालाच विचारणार: "हे जमेल का रे?" तो "नको साहेब, लफडं होईल" म्हणाला की विषय संपला. म्हणून मालकाला भेटण्याआधी त्याला भेटा. सर्व्हरची देखभाल त्याच्याच करारात वाढीव दराने घाला. डिस्क बदलणं, स्नॅपशॉट तपासणं, बॅकअप परत आणून बघणं ही तीन कामं त्याला शिकवा आणि मराठीत लिहून एक कागद द्या. दुसऱ्या फळीला लिनक्स जाणणारी एखादी छोटी फर्म ठेवा. आता फोन कुणाला करायचा याचं उत्तर मालकाच्या ओळखीच्या माणसापासूनच सुरू होतं.

मनुष्यबळाची शंका पुण्यात तरी घेऊ नये. लिनक्स पुरवणाऱ्या रेड हॅटचं मोठं केंद्र इथे आहे, देवनागरीसकट भारतीय लिप्यांचे लोहित फाँट त्याच कंपनीने मोकळे केले. पोस्टग्रेस या ओपन सोर्स डेटाबेसच्या मूळ कोडवर काम करणारे अभियंते एंटरप्राइझडीबीच्या पुणे केंद्रात बसतात. पुणे लिनक्स युजर्स ग्रुप, म्हणजे प्लग, जुना आहे आणि फॉस युनायटेड या ओपन सोर्स संस्थेचे मेळावेही शहरात होतात. माणसं आहेत. फक्त ती भोसरीच्या गाळ्यापर्यंत पोचत नाहीत.

सर्व्हर दोन-तीन महिने बिनबोभाट चालला की पुढचा विषय काढा: मायक्रोसॉफ्ट ऑफिस. इथे मालकाशी स्पष्ट बोलावं. बऱ्याच ठिकाणी ऑफिसच्या चोरीच्या प्रती चालतात. कॉपीराइट कायद्याच्या ६३ब कलमानुसार जाणूनबुजून अशी प्रत वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. भीती घालायला हे सांगायचं नाही, पण मोठ्या ग्राहकाच्या ऑडिटमध्ये हा प्रश्न निघू शकतो हे त्याला माहीत असलं पाहिजे.

त्याला पर्याय असलेलं ओपन सोर्स लिब्रेऑफिस विंडोजवरच बसवा. त्यासाठी विंडोज काढायची काही गरज नाही. पण आधी सर्व्हरवर शोध मारून मॅक्रो (फाइलमध्येच लिहिलेले छोटे प्रोग्रॅम) असलेल्या फाइल्सची यादी काढा. कॉस्टिंगची शीट कुणीतरी दहा वर्षांपूर्वी बनवलेली असते आणि संपूर्ण कंपनी तिच्यावर चालते. एक्सेलचे व्हीबीए मॅक्रो लिब्रेऑफिसमध्ये काही चालतात, काही नाही. एक्सेलमध्ये बाहेरचा डेटा ओढून आणणारी पॉवर क्वेरी चालत नाही. एक्सलुकअप हे शोधसूत्र लिब्रेऑफिसच्या २४.८ आवृत्तीपासून चालतं, त्याआधीच्या आवृत्तीत ती शीट एररने भरते. ज्या दोन-तीन जणांचं काम अशा फाइल्सवर आहे त्यांना रीतसर लायसन्स घेऊन एक्सेलच राहू द्या. बाकीच्यांना लिब्रेऑफिस पुरतं.

तक्रार येते ती बहुधा फाँटची. कोटेशन कॅलिब्रीमध्ये असतं, दुसऱ्या पीसीवर तो फाँट नसला की त्याजागी रुंद फाँट येतो, आणि सही-शिक्क्याची शेवटची ओळ पान दोनवर जाते. मालक म्हणतो, "सॉफ्टवेअर बेकार आहे." कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो, कॅम्ब्रियाच्या मापाचा कॅलाडिया आणि एरियल-टाइम्सच्या मापाचे लिबरेशन फाँट सगळीकडे बसवा, ओळी जागेवर राहतात. मराठी पत्रव्यवहार जुना असेल तर तो श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फाँटमध्ये टाइप केलेला असतो. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या प्रमाण लिपीसंकेतात, नाही, त्यामुळे फाँट नसेल तर नुसती अगम्य चिन्हं दिसतात. हा दोष लिब्रेऑफिसचा नाही, पण माथी त्याच्याच येतो. नेहमी लागणारी पत्रं आधीच युनिकोडमध्ये बदलून घ्या. आणि सेव्ह करण्याचं मूळ स्वरूप वर्ड-एक्सेलचं डॉकएक्स-एक्सएलएसएक्स ठेवा. लिब्रेऑफिसचं मूळचं ओडीएफ २००६ पासून आयएसओ मानक आहे आणि मनापासून मला तेच आवडतं, पण चाकणच्या परचेस विभागाला ओडीएस (ओडीएफमधली शीट) फाइल पाठवून आपल्या माणसाला अडचणीत आणू नये.

लिनक्स डेस्कटॉपची वेळ त्यानंतर, आणि सरसकट नाही. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. गेटवर, स्टोअरमध्ये, इनवर्डला जे जुने पीसी फक्त ब्राउझर आणि एखादी शीट उघडतात, त्यांच्यात एसएसडी टाकून लिनक्स मिंट बसवलं तर ते आणखी काही वर्षं सुरक्षित चालतील. प्रिंटर मात्र आधी तपासा. कॅननचा एलबीपी २९०० आपल्याकडे घरोघरी आहे आणि लिनक्सवर तो त्रास देतो. एचपीचा १०२० प्रत्येक वेळी चालू झाला की पीसीकडून फर्मवेअर (त्याचा आतला प्रोग्रॅम) मागतो. एचपीचं प्लगइन बसवलेलं असेल तर चालतो, नसेल तर दिवा लागतो आणि कागद हलत नाही.

ईआरपी, म्हणजे खरेदीपासून हिशेबापर्यंत सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, हा मोठा विषय, त्याबद्दल थोडक्यात. ईआरपीनेक्स्ट हे ओपन सोर्स ईआरपी मुंबईच्या फ्रापे कंपनीने बनवलं आहे, झिरोधासारखी शेअर ब्रोकर कंपनी ते वापरते, हे मालकाला सांगायला उपयोगी पडतं. पण पुण्यातल्या व्हेंडरला ते पटतं जॉबवर्कवरून, म्हणजे बाहेर करून घेतलेल्या कामावरून. प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला चलनावर गेलेला माल एका वर्षात परत आला नाही तर जीएसटी कायद्याच्या १४३ व्या कलमानुसार तो पाठवल्याच्या दिवशीच पुरवठा झाला असं धरतात, आणि हा हिशेब बऱ्याच ठिकाणी वहीत असतो. कुणाकडे किती नग, किती दिवसांपासून, हे एका पडद्यावर दाखवा. सुरुवात १ एप्रिलला करा, आदल्या आठवड्यात स्टॉक मोजून घ्या आणि पहिली तिमाही टॅली समांतर चालवा. कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद न करता येणारा ऑडिट ट्रेल (कुणी, कधी, काय बदललं याची नोंद) लागतो. ईआरपीनेक्स्टच्या इंडिया कम्प्लायन्स ॲपमध्ये तशी सोय आहे. पण सर्व्हर स्वतःकडे असेल तर ऑडिटर विचारेल की डेटाबेसमध्ये थेट घुसून नोंद बदलता येते का. डेटाबेसचे हक्क कुणाकडे आहेत आणि त्याची नोंद कुठे राहते, हे लिहून तयार ठेवा. ईमेलचा सर्व्हर मात्र स्वतः चालवू नका, निदान लहान कंपनीने तरी नाही. मेल स्पॅममध्ये गेल्या तर ऑर्डर जातात.

दोन आडवे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं खरीखुरी द्यावीत. एक, "कोड सगळ्यांना दिसतो, मग सुरक्षित कसं?" डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या ओपन सोर्स लायब्ररीत मोठं भगदाड सापडलं हे मान्य करा. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या लायब्ररीत चोरून घुसण्यासाठी ठेवलेलं मागचं दार सापडलं, तेही सांगा. ते पकडलं अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या अभियंत्याने, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याच्या मागे लागून. कोड उघडा होता म्हणून तो शेवटपर्यंत जाऊ शकला. पण त्यामुळे आपला सर्व्हर आपोआप सुरक्षित होत नाही. सुरक्षा-अपडेट आपोआप बसतील अशी सोय करावी लागते आणि ती बसतात की नाही हे महिन्यातून एकदा पाहावं लागतं.

दुसरा, "आम्ही केलेले बदल स्पर्धकाला द्यावे लागतील का?" जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचं सॉफ्टवेअर कंपनीच्या आत वापरलं, बदललं, तर कुणालाही काही द्यावं लागत नाही. पण तुम्ही स्पेशल पर्पज मशीन बनवून विकत असाल आणि त्याच्या कंट्रोलरमध्ये लिनक्स असेल, तर त्यातल्या जीपीएल भागांचा सोर्स ग्राहकाला देण्याची जबाबदारी येते. मशीनबरोबरच्या कागदपत्रांत तो देऊन टाकला की प्रश्न मिटतो.

पैशांचा कागद आता काढा, पाच वर्षांचा. त्यात हार्डवेअर, बसवणी, प्रशिक्षण, एएमसी सगळं धरा. पहिल्या वर्षी ओपन सोर्सचा आकडा जास्त आला तर तसाच दाखवा. शेजारी एक गोष्ट मांडा जी रुपयांत बसत नाही: ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही सर्व्हर सॉफ्टवेअरची कंपनी घेतल्यावर कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद झाली, आणि ग्राहकांसमोर वर्गणी भरा नाहीतर दुसरीकडे जा एवढेच पर्याय उरले. ओपन सोर्समध्येही लायसन्स बदलतात. २०२३ मध्ये सर्व्हर उभारणीच्या टेराफॉर्मचं बदललं, २०२४ मध्ये रेडिस डेटाबेसचं. पण तोवरचा कोड मोकळाच होता, त्यावरून ओपनटोफू आणि व्हॅल्की उभे राहिले आणि वापरणाऱ्यांचं काम चालू राहिलं. शेठना ही भाषा लगेच समजते, कारण एकाच व्हेंडरवर अडकून पडण्याचा त्रास ते कच्च्या मालात रोज भोगतात.

काम सुरू करण्याआधी करारात एवढं तरी लिहून घ्या: ॲडमिनचे सगळे पासवर्ड मालकाकडे बंद पाकिटात, बदलले की नवं पाकीट. सगळ्या कॉन्फिगरेशन फाइल्सची प्रत कंपनीच्या ताब्यात. दर तीन महिन्यांनी बॅकअपमधून एक संपूर्ण फोल्डर दुसऱ्या मशीनवर परत आणून दाखवणं आणि त्यावर मालकाची सही. आणि फोन आल्यापासून किती तासांत माणूस पोचेल तो आकडा, गुरुवारचा वेगळा.